समुद्रवेडा राजा अल्बर्ट

जो प्राणी माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही आणि त्याच्या जाळ्यातही सापडत नाही, त्याचा अभ्यास करावयाचा कसा? प्रश्न मोठा अवघड वाटतो. पण त्याचे उत्तर खेड्यापाड्यांतील माणसांना पूर्वापार ठाऊक आहे. वैनगंगेच्या काठचा ढिवर मरळ चिरतो तेव्हा तिच्या पोटातून निघालेली बारीक मासळी आणि बेडूक पाहून त्या डोहात काय काय वावरते हे त्याला समजते. मंडला आणि बालाघाट या दोन जिल्ह्यांत पसरलेल्या कान्हाच्या रानात १९६३ ते १९६५ या काळात जॉर्ज शॅलर या प्राणिशास्त्रज्ञाने वाघांच्या विष्ठेतील केस आणि हाडांचे तुकडे तपासले, आणि वाघ चितळावर किती, सांबरावर किती व गावच्या गुराढोरांवर किती जगतो याचा हिशेब मांडला. शिकाऱ्याचे पोट ही एक प्रकारची नोंदवहीच असते. ती वाचणारा मात्र भेटावा लागतो.

महासागराच्या बाबतीत ही नोंदवही ज्यांनी आरंभीच्या काळात मोठ्या निष्ठेने उघडली त्यांत एक राजा होता. त्याचे राज्य एखाद्या तालुक्याच्या गावाएवढेही नव्हते. पण त्याचे मन महासागराएवढे होते. मोनॅकोचा पहिला अल्बर्ट हे त्याचे नाव. समुद्रापासून शेकडो मैल दूर, साग-सालाच्या रानात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनाही त्याच्या चरित्रातून घेण्यासारखे पुष्कळ आहे, म्हणून त्याची ही थोडक्यात ओळख.

अल्बर्टचा जन्म १३ नोव्हेंबर १८४८ रोजी पॅरिस येथे झाला. त्याचे घराणे ग्रिमाल्डी. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, भूमध्य समुद्राच्या एका खडकावर या घराण्याचे राज्य शतकानुशतके चालत आले होते. अल्बर्ट जन्मला त्याच वर्षी मेंतों आणि रोकब्र्यून ही दोन गावे राज्यातून फुटून निघाली आणि पुढे १८६१ मध्ये ती रीतसर फ्रान्सकडे गेली. राज्याचा बहुतेक मुलूख गेला. उरला तो खडक आणि त्याच्या पायथ्याचे बंदर. उत्पन्नाचे साधन राहिले नाही. तेव्हा अल्बर्टचा पिता तिसरा चार्ल्स याने जुगारघराचा आश्रय घेतला. माँटे कार्लो हे नाव आज साऱ्या जगाला माहीत आहे, ते या चार्ल्सच्याच नावावरून पडलेले. युरोपातील श्रीमंत तेथे येऊन पैसे हरू लागले आणि त्या पैशावर मोनॅकोचे राज्य इतके सावरले की १८६९ मध्ये प्रजेवरचे प्रत्यक्ष करही माफ झाले.

अशा राज्याच्या युवराजाने चैनीत दिवस काढले असते तर कोणाला नवल वाटले नसते. अल्बर्टचा ओढा मात्र लहानपणापासून समुद्राकडे. ऐन तारुण्यात त्याने स्पेनच्या आरमारात नोकरी केली आणि अटलांटिक महासागर पाहिला. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले तेव्हा तो फ्रेंच आरमारात होता आणि तेथील सेवेबद्दल त्याला लीजन ऑफ ऑनर हा सन्मान मिळाला. दोर ओढणे, वारा ओळखणे, ताऱ्यांवरून जहाजाची जागा काढणे, ही विद्या तो पुस्तकांतून शिकला नाही; डेकवर उभा राहून शिकला. पुढे शास्त्रज्ञांच्या मंडळीत तो मानाने बसू शकला त्याचे मूळ या उमेदवारीत आहे.

१८७३ मध्ये त्याने इंग्लंडमध्ये सुमारे दोनशे टनांचे एक शिडाचे जहाज विकत घेतले आणि त्याचे नाव ठेवले ‘इराँदेल’, म्हणजे पाकोळी. आरंभीची दहाएक वर्षे हे जहाज केवळ हौसेच्या सफरींसाठी फिरले. १८८४ मध्ये पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात एक प्रदर्शन भरले होते. ‘त्राव्हायर’ आणि ‘तालिस्माँ’ या फ्रेंच जहाजांनी खोल समुद्रातून वर काढलेले विलक्षण प्राणी तेथे मांडले होते. या मोहिमांचे प्रमुख शास्त्रज्ञ आल्फाँस मिल्न-एडवर्ड्‌स यांच्या सहवासात अल्बर्टने तो संग्रह पाहिला. आपले जहाज आहे, आपल्याला नौकानयन येते, हाती पैसा आणि वेळ आहे. मग आपण हेच काम का करू नये, हा विचार त्याच्या मनाने घेतला. पुढच्याच वर्षी, १८८५ मध्ये, त्याची पहिली शास्त्रीय मोहीम निघाली. तेव्हापासून १९१५ पर्यंत अशा २८ मोहिमा त्याने पार पाडल्या.

पहिला प्रश्न त्याने हाती घेतला तो समुद्रप्रवाहांचा. अमेरिकेकडून येणारा गल्फ स्ट्रीम हा उबदार पाण्याचा प्रवाह युरोपाजवळ येऊन कोठे वळतो, याविषयी तेव्हा नाना मते होती. अल्बर्टने बाटल्या, पिंपे आणि तांब्याचे पोकळ गोळे मिळून १,६७५ तरंडे तीन वर्षांत अटलांटिकमध्ये सोडले. प्रत्येकात एक चिठ्ठी. ज्याला हा तरंडा सापडेल त्याने जागा आणि तारीख कळवावी, अशी विनंती त्यात अनेक भाषांत लिहिलेली. त्यांतील सव्वादोनशेच्या आसपास परत मिळाले. बाकीचे कोठे गेले ते समुद्रालाच ठाऊक. पण तेवढ्यांवरून उत्तर अटलांटिकचे पाणी अझोर्स बेटांच्या आसपास एका अजस्र चक्राप्रमाणे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते, हे त्याने नकाशावर दाखवून दिले.

प्रवाहांपाठोपाठ तो खोल पाण्यातील जीवांकडे वळला. ‘इराँदेल’वर वाफेचे यंत्र नव्हते. हजारो मीटर लांबीचा दोर आणि त्याच्या टोकाची जाळी खलाशांनी हातरहाट फिरवून वर ओढायची, आणि या कामात तासांमागून तास जायचे. १८९१ मध्ये ‘प्रँसेस आलीस’ हे नवे जहाज आले; त्यात शिडांबरोबर वाफेचे यंत्र होते आणि प्रयोगशाळाही होती. १८९८ मध्ये त्याच नावाचे दुसरे, आणखी मोठे जहाज बांधले गेले. याच जहाजावरून १९०१ मध्ये केप व्हर्द बेटांजवळ ६,०३५ मीटर खोलीवर जाळे टाकून एक मासा वर काढण्यात आला. त्या काळी इतक्या खोलीवरून कोणी मासा आणला नव्हता.

परंतु जाळ्याची मर्यादा अल्बर्टच्या ध्यानात फार लवकर आली. जाळ्यात येते ते काय? जे मंद आहे, जे दुबळे आहे, जे तळाशी बसून राहते तेच. जे चपळ आहे ते जाळ्याची चाहूल लागताच निसटते. खोल पाण्यात जाळे टाकून साऱ्या समुद्राची कल्पना करणे म्हणजे रात्री शेतात घोंगडी फिरवून रानात वाघ नाही असा निष्कर्ष काढण्यासारखेच होते.

अशा निसटणाऱ्यांत पहिला मान शीर्षपाद प्राण्यांचा. ज्यांचे पाय थेट डोक्याला फुटलेले असतात ते शीर्षपाद. अष्टपाद म्हणजे ऑक्टोपस, आपल्या कोकण किनाऱ्यावर बाजारात येणारे माकूल, म्हणजेच स्क्विड आणि कटलफिश, हे सारे या एकाच कुळातले. समुद्र न पाहिलेल्या माणसानेही या कुळाची एक खूण बहुधा हाताळलेली असते. काष्ठौषधींच्या दुकानात जो पांढरा, हलका, खडूसारखा समुद्रफेन मिळतो तो समुद्राचा फेस नसून कटलफिशच्या पाठीतील कवच असते. शिंपले-गोगलगायींचे हे नातेवाईक. पण दृष्टी तीक्ष्ण, मेंदू तल्लख, आणि अंगातले पाणी नळीवाटे जोराने बाहेर फेकून बाणासारखे मागे सरण्याची कला अवगत. किनाऱ्यालगतच्या जाती कोळ्यांना मिळतात. पण भर महासागरात, शेकडो-हजारो मीटर खाली वावरणाऱ्या जाती माणसाने क्वचितच पाहिल्या होत्या. तशा जाती आहेत हेही कित्येकदा केवळ किनाऱ्यावर येऊन पडलेल्या कुजक्या तुकड्यांवरून कळे.

हे कोडे सुटण्याचा मार्ग दिसला तो १८ जुलै १८९५ या दिवशी. ‘प्रँसेस आलीस’ अझोर्स बेटांपैकी तेर्सैरा या बेटाजवळ होते. तेथील लोक त्या काळी लहान होड्यांतून, हाती भाला घेऊन स्पर्म व्हेल या अवाढव्य देवमाशाची शिकार करीत. देवमासा म्हणतात, पण तो मासा नव्हे. आपल्यासारखाच फुप्फुसांनी श्वास घेणारा, पिलांना दूध पाजणारा सस्तन प्राणी. एक हजार मीटरहून खोल बुडी मारून तो पाऊण-पाऊण तास खाली राहू शकतो, आणि तेथे त्याचे मुख्य भक्ष्य असते स्क्विड. त्या दिवशी बेटावरच्या शिकाऱ्यांनी असाच एक देवमासा घायाळ केला. मरणाच्या वेदनेत तो अल्बर्टच्या जहाजाच्या रोखानेच आला, जहाजाजवळ येऊन निपचित पडला, आणि प्राण जाताना त्याने आपल्या पोटातील अन्न ओकून टाकले. पाण्यावर मोठमोठ्या शीर्षपादांची शरीरे तरंगू लागली.

शिकाऱ्यांचे लक्ष चरबीकडे आणि तेलाकडे. खलाशांच्या नजरेत ती देवमाशाची उलटी. अल्बर्टने मात्र त्या क्षणी ओळखले की आपली जाळी इतकी वर्षे जेथे पोचली नाहीत तेथून हा प्राणी नुकताच जाऊन आला आहे आणि तेथले नमुने घेऊन आला आहे. त्याने तातडीने नाव सोडायला लावली आणि ते तरंगणारे अवशेष, बुडून जाण्याच्या आत, जमतील तेवढे गोळा करविले. दुसऱ्याने केवळ घाण म्हणून दृष्टी फिरवली असती अशा वस्तूत ज्ञान पाहणे, ही खऱ्या अभ्यासकाची ओळख होय. राजवस्त्रे आणि राजमुकुट यांमुळे ती दृष्टी येत नाही आणि गरिबीमुळे अडतही नाही.

गोळा केलेले नमुने त्याने फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लुई जुबँ यांच्या स्वाधीन केले. जुबँ यांनी त्यांचे बारकाईने वर्णन केले तेव्हा विज्ञानाला अपरिचित अशा जाती त्यांत निघाल्या. सर्वांत नवलाची एक होती. तिचे डोके हाती आले नव्हते, नुसते धड मिळाले होते. पण त्या धडावर माशासारखी खवल्यांची रचना होती. स्क्विडच्या अंगावर खवले ही गोष्ट तोवर ऐकिवात नव्हती. त्याच वर्षी जुबँ यांनी तिचे नाव ठेवले लेपिडोट्यूथिस ग्रिमाल्डी, म्हणजे ग्रिमाल्डी घराण्याचे खवलेवाले स्क्विड. राजांची नावे किल्ल्यांना, शहरांना आणि रस्त्यांना दिली जातात. या राजाच्या घराण्याचे नाव एका देवमाशाच्या घासाला मिळाले, आणि त्याचा त्याला अभिमानच वाटला असणार.

अल्बर्ट तेथे थांबला नाही. त्याने आपल्या जहाजावर देवमाशांच्या शिकारीच्या होड्या घेतल्या, त्या धंद्यात मुरलेला एक स्कॉटिश भालेकरी नोकरीस ठेवला, आणि पकडलेल्या देवमाशांची व डॉल्फिनांची पोटे शास्त्रीय रीतीने तपासण्याचा परिपाठ ठेवला. पुढे हीच दृष्टी मोठ्या माशांकडेही वळली. त्याने स्थापन केलेल्या संस्थेच्या पत्रिकेत १९१८ मध्ये जुबँ आणि लुई रूल या दोघांनी अटलांटिकमधील ट्यूनाच्या, म्हणजे आपल्याकडच्या कुप्याच्या एका भाईबंदाच्या, आहारावरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. कुपा हा अत्यंत वेगवान मासा. जाळ्याला चुकवणारे कोवळे स्क्विड त्याच्या तोंडातून सुटत नाहीत. देवमासा खोल पाण्याची बातमी आणतो, तर कुपा वरच्या थरांची. प्रत्येक शिकारी आपापल्या मजल्यावरचा वार्ताहर.

ही पद्धत चालते कशी हे थोडे सांगितले पाहिजे. स्क्विडचे अंग मऊ. पोटातील रसात ते लवकर विरघळते. पण त्याच्या तोंडात पोपटाच्या चोचीसारखी एक कठीण चोच असते. ती कायटिन या टणक द्रव्याची बनलेली असल्याने सहजासहजी पचत नाही. देवमाशाच्या पोटात अशा चोची शेकड्यांनी, कधी हजारांनी साठलेल्या असतात. चोचीच्या आकारावरून जात ओळखता येते, आणि तिच्या लांबीवरून त्या प्राण्याच्या वजनाचाही अंदाज बांधता येतो. एकेकाळी अत्तरवाले ज्या अंबरासाठी सोन्याचा भाव मोजत, ते अंबर स्पर्म व्हेलच्याच आतड्यात तयार होते आणि त्यात या चोची रुतलेल्या आढळतात. व्हेलची उलटी म्हणून ज्याच्या चोरट्या व्यापाराच्या बातम्या महाराष्ट्रातील वर्तमानपत्रांत येतात ते हेच. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली स्पर्म व्हेलला संरक्षण असून हा व्यापार गुन्हा आहे.

अर्थात या पद्धतीतही फसगत आहे. चोच मांसापेक्षा कितीतरी अधिक काळ टिकते. त्यामुळे कालचे जेवण आणि त्यापूर्वीच्या अनेक दिवसांचे जेवण एकत्र मोजले जाण्याचा धोका असतो. शिकारी आपल्या आवडीचे खातो, समुद्रात जे असेल ते सारे खात नाही. आणि भक्ष्य नेमके कोठे, किती खोलीवर पकडले हे पोट सांगत नाही. म्हणून जाळे आणि पोट, दोन्हींची साक्ष पडताळून पाहावी लागते. साक्षीदार चांगला असला तरी उलटतपासणी चुकत नाही.

१८८९ च्या सप्टेंबरात पित्याच्या निधनानंतर अल्बर्ट गादीवर आला होता. राज्यकारभाराचे ओझे येऊनही त्याच्या मोहिमा थांबल्या नाहीत. उलट, जुगारघराच्या कंपनीकडून राज्याला मिळणाऱ्या पैशाला त्याने एक नवी वाट दाखवली. २५ एप्रिल १८९९ रोजी मोनॅकोच्या कड्यावर सागरी संग्रहालयाची कोनशिला बसली आणि २९ मार्च १९१० रोजी त्याचे उद्‌घाटन झाले. समुद्रातून सरळ उभ्या चढलेल्या कड्याला बिलगून उभी असलेली ती दगडी इमारत आजही दर्यावर्दी आणि प्रवासी डोळे भरून पाहतात. पॅरिसमध्ये त्याने १९०६ मध्ये सागरविज्ञानाची संस्था स्थापन केली. जगातील सर्व महासागरांच्या खोलीचा एकत्रित नकाशा असावा ही कल्पना त्याने उचलून धरली, आणि त्या नकाशाची पहिली आवृत्ती १९०५ मध्ये त्याच्याच खर्चाने निघाली. तो उपक्रम आंतरराष्ट्रीय स्वरूपात अजून चालू आहे. १९०१ च्या मोहिमेत त्याने शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या दोन शरीरशास्त्रज्ञांना जहाजावर बोलावून एका विषारी जलचराचा अभ्यास सुचवला. त्या कामाचा धागा पुढे नेत त्यांनी विषाच्या दुसऱ्या, अल्पशा मात्रेनेही शरीर कसे भयंकर बिथरते याचा शोध लावला, आणि त्यासाठी रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

जुगारात कोणीतरी गमावलेल्या पैशातून हे सारे उभे राहिले, ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ज्या पैशाने कित्येकांची घरे बुडाली असतील त्याच पैशाने विज्ञानाची घरे बांधली गेली. यात पाप किती आणि पुण्य किती याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. एवढे मात्र खरे की तो पैसा अल्बर्टने आपल्या चैनीत उडवला नाही.

त्याचे खाजगी जीवन सुखाचे नव्हते. १८६९ मध्ये लेडी मेरी व्हिक्टोरिया हॅमिल्टन हिच्याशी झालेला विवाह अल्पकाळातच मोडला. १८७० मध्ये जन्मलेला मुलगा लुई आईकडेच वाढला. १८८९ मध्ये त्याने आलीस हाइने हिच्याशी दुसरा विवाह केला. दोन जहाजांना तिचे नाव दिले. पण १९०२ मध्ये तेही दोघे विभक्त झाले. वर्षातील कित्येक महिने समुद्रावर काढणाऱ्या माणसाचा संसार कसा व्हायचा? प्रजेचीही तक्रार होतीच. कर नसले तरी हक्कही नव्हते, आणि रोजगार व अधिकार परकीयांच्या हाती होते. १९१० मध्ये मोनॅकोच्या लोकांनी चळवळ उभारली. अखेर १९११ मध्ये राजाने राज्यघटना दिली. समुद्राच्या पोटात काय चालले आहे हे जाणू पाहणाऱ्याला आपल्या दारातील माणसांच्या मनात काय चालले आहे हे कळायला मात्र बावीस वर्षे लागली. थोरांच्या चरित्रातून हेही शिकावे.

अल्बर्ट शांततावादी होता. १९०३ मध्ये त्याने मोनॅकोत आंतरराष्ट्रीय शांततेसाठी एक संस्था काढली. जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म याच्याशी त्याचा स्नेह होता, आणि फ्रान्स व जर्मनी यांच्यात समेट व्हावा म्हणून तो झटत राहिला. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि ते सारे प्रयत्न वाया गेले. पण त्याचा जुना अभ्यास एका अनपेक्षित रीतीने उपयोगी पडला. युद्ध संपल्यावर अटलांटिकमध्ये हजारो सुटलेले सुरुंग तरंगत होते. तीस वर्षांपूर्वी सोडलेल्या तरंड्यांच्या मार्गावरून हे सुरुंग कोणत्या दिशेने वाहत जातील याचा आराखडा अल्बर्टने तयार केला आणि जहाजांना इशारा दिला. तारुण्यातील एका कुतूहलाने म्हातारपणी अनोळखी खलाशांचे जीव वाचविण्यास हातभार लावला. कोणते ज्ञान केव्हा कामास येईल हे आधी सांगता येत नाही, ते असे.

२६ जून १९२२ रोजी पॅरिस येथे त्याने देह ठेवला.

त्याच्या पश्चात तीनच वर्षांनी, १९२५ मध्ये, दक्षिण अटलांटिकमधील एका स्पर्म व्हेलच्या पोटात मिळालेल्या दोन बाहूंच्या तुकड्यांवरून एका प्रचंड स्क्विडचे वर्णन प्रसिद्ध झाले. आज ज्ञात असलेल्या सर्व अपृष्ठवंशी प्राण्यांत वजनाने सर्वांत मोठा मानला जातो तो हाच कोलॉसल स्क्विड. त्याची पहिली ओळखही जाळ्याने नव्हे, देवमाशाने करून दिली. इंग्लंडचे माल्कम क्लार्क यांनी चोचींच्या अभ्यासाला रीतसर शास्त्राचे रूप दिले. चोचींवरून जाती ओळखण्याचा त्यांचा मार्गदर्शक ग्रंथ १९८६ मध्ये निघाला. आयुष्याच्या उत्तरार्धात ते राहावयास गेले तेही अझोर्समधील पिको बेटावरच. २००४ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी महास्क्विडची, तो आपल्या घरी, म्हणजे खोल समुद्रात, जिवंत असताना प्रथमच छायाचित्रे घेतली. कॅमेरा कोठे सोडायचा हे त्यांनी ठरवले ते स्पर्म व्हेल जेथे जमतात ती जागा पाहून. आपल्या अरबी समुद्रातही जांभळ्या पाठीचे उडते स्क्विड विपुल आहेत. पिवळ्या पराच्या कुप्यांची पोटे तपासली असता लहान मासे आणि खेकडे यांच्याबरोबर हे स्क्विडही त्यांत सापडतात. कुपा कोठे जातो हे कळायचे तर त्याचे अन्न कोठे जाते हे आधी कळले पाहिजे. म्हणजे हा प्रश्न केवळ पंडितांचा उरत नाही, मच्छीमारांच्या पोटापाण्याचाही होतो.

येथे एक बोचरी गोष्ट सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होणार नाही. अल्बर्ट मनाने शिकारी होता. १९१३ मध्ये अमेरिकेत जाऊन बफेलो बिलबरोबर त्याने डोंगराळ मुलखात शिकार केली. देवमाशांच्या बाबतीत त्याचे कुतूहल आणि त्याचा भाला यांत अंतर नव्हते. त्याच्या काळात समुद्र अक्षय वाटे. पुढच्या पन्नास वर्षांत यांत्रिक जहाजांनी देवमाशांचा असा संहार केला की ज्ञानाचा तो साक्षीदारच नाहीसा होण्याची वेळ आली. १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने व्यापारी शिकारीवर बंदीचा ठराव केला आणि १९८६ पासून तो अमलात आला. अझोर्समध्येही १९८७ मध्ये शेवटचा स्पर्म व्हेल मारला गेला. आता तेथील जुन्या शिकाऱ्यांच्या टेहळणी-बुरुजांवरून पर्यटकांना देवमासे दाखवले जातात. आजचा अभ्यासक किनाऱ्यावर आपोआप मरून पडलेल्या देवमाशाचे पोट उघडतो, किंवा बाजारासाठी पकडलेल्या कुप्याचे. अशा पोटांतून आता चोचींबरोबर प्लास्टिकही निघते. नोंदवही तीच आहे; तिच्यात आता आपलीही नोंद होऊ लागली आहे.

अल्बर्टने विचारलेला प्रश्न मात्र जुना झालेला नाही. जे दिसत नाही ते नाहीच असे न मानता, ज्याला ते दिसते त्याच्याकडून शिकावे, मग तो पंडित असो, खलाशी असो की मुका प्राणी असो. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला लागणारी महागडी उपकरणे प्रत्येक महाविद्यालयात असतीलच असे नाही. पण फेकून देण्याच्या वस्तूकडे दुसऱ्यांदा पाहण्याची सवय फुकट मिळते. एका राजाने ती जन्मभर जपली. आपल्याला ती जपायला राज्य लागत नाही.